वाढत्या अंगाची टाकी

मध्यमवर्गीय मराठी माणूस कुठलीही वस्तू मापाची घेत नाही. तो वाढत्या अंगाची घेतो. शाळेचा गणवेश जूनमध्ये शिवायचा, तो पुढल्या मार्चात बसेल असा. मधले नऊ महिने ते पोर खाकी चड्डीत घंटेतल्या लोलकासारखं हलत असतं. पण त्याला कुणी हसत नाही, कारण हसणाऱ्याची चड्डीही तशीच असते. बूट घ्यायचे ते पुढे कापूस कोंबून घालायचे. घरात माणसं चार, पण कुकर आठांचा. माझ्या लग्नातला सूट शिंप्यानं वडिलांच्या हुकमावरून वाढत्या अंगाचा शिवला. गेल्या चाळीस वर्षांत मी माझ्याकडून प्रयत्नांची कसूर केलेली नाही. तरी सूट अजून दोन बोटं पुढेच आहे.

या तत्त्वाला आमच्या घराण्यात कुणी आव्हान दिल्याचं ऐकिवात नव्हतं. ते दिलं माझ्या भाचीनं. आणि तेही कशावरून म्हणाल, तर पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या टाक्यांवरून.

आता आमचं गाव कुठलं, तर निरवांगी. तालुका इंदापूर. गाव नीरेच्या काठावर. नदीच्या अलीकडे आम्ही, म्हणजे पुणे जिल्हा. पलीकडे माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा. समुद्र म्हणाल तर कावळ्यानं सरळ रेषेत जायचं ठरवलं तरी दीडशे किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडे पाण्याबद्दल 'किती खोल?' असं कुणी विचारत नाही, 'कधी सुटणार?' असं विचारतात. नीरा डावा कालवा तिकडून भोर-पुरंदरच्या अंगानं निघतो, बारामतीच्या शिवारातून हिंडत हिंडत येतो आणि इंदापूर तालुक्यात पोचेपर्यंत लांबच्या लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा दमलेला असतो. अशा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलीला पुढे पाण्याखाली तासतासभर राहायची हौस लागावी, हा दैवाचा खेळ. दुसरं काय म्हणायचं?

हौसेची पहिली पायरी मालवणजवळच्या तारकर्लीला झाली. तिथे पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. पाठीला हवेची टाकी बांधतात, तोंडात नळी देतात आणि माणसाला माशांच्या घरी पाहुणा म्हणून नेतात. पाठीला एक टाकी, इथवर आमची काही तक्रार नव्हती. पाठीला काहीतरी बांधून पाण्यात उतरणं ही आमच्या घरची परंपराच आहे. तिच्याकडे पुढे येतोच. पण गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ताई, दाजी आणि ही भाची निरवांगीला आली, तेव्हा फराळाच्या ताटावर तिनं जाहीर केलं, की आता ती पाठीवरची टाकी सोडून दोन कुशींना दोन टाक्या लावायच्या प्रकाराला लागली आहे. त्याला म्हणे साइडमाउंट म्हणतात.

"पाठीला काय झालं?" ताईनं घाबरून विचारलं. ताईला स्पाँडिलायटिस आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या बदलांमागे पाठ असते असं तिला वाटतं.

भाचीनं समजावून सांगितलं. ही युक्ती समुद्रवाल्यांची नाही, गुहावाल्यांची. १९६०च्या दशकात इंग्लंडमधले काही हौशी लोक जमिनीखालच्या गुहांतून सरपटत हिंडायचे. हिंडता हिंडता पुढची वाट पाण्यानं भरलेली निघायची, आणि वरचं छत इतकं खाली, की पाठीवर टाकी घेऊन आत शिरताच येईना. म्हणून त्यांनी टाकी पाठीवरून काढून कुशीला बांधली. पुढे अमेरिकेत फ्लॉरिडातल्या पाण्यानं भरलेल्या गुहांत लोकांनी दोन बाजूंना दोन टाक्या अशी ती व्यवस्था पक्की केली. माणूस मध्ये, टाक्या दोन्हीकडे काखेपासून मांडीपर्यंत अंगालगत. तोल सांभाळला जातो, टाकीचा कॉक डोळ्यांसमोर राहतो, आणि एक बिघडली तर दुसरी हाताशी असते.

आमची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती कानानं कमी ऐकते, पण जे ऐकते ते पक्कं ऐकते. ती म्हणाली, "म्हणजे कावड."

एका शब्दात विषय संपला. मला तर त्याहून जुनी गोष्ट आठवली. नद्यांवर पूल नव्हते तेव्हा वाळक्या भोपळ्यांची सांगड करून लोक नदी पार करायचे. दोन गोष्टींची 'सांगड घालणे' हा शब्द आपण आता फक्त अग्रलेखात वापरतो. पण त्याचं मूळ पाण्यात आहे. दोन फुगीर वस्तू बांधायच्या आणि त्यांच्या भरवशावर जीव सोडायचा. फरक इतकाच, की सांगड माणसाला वर ठेवते आणि ही जोडी त्याला खाली नेते.

"आणि हे कुठे करायचं?" दाजींनी विचारलं. दाजींना खर्चाचा वास लांबून येतो.

"मेक्सिकोला."

"समुद्रात?"

"समुद्रात नाही हो बाबा. सेनोतेमध्ये."

मेक्सिकोत युकातान नावाचा मुलूख आहे. जमीन सगळी चुनखडीची. त्यामुळे पावसाचं पाणी वर थांबत नाही, खाली झिरपतं आणि जमिनीच्या पोटातून नद्यांसारखं वाहतं. कुठे कुठे वरचं छत कोसळतं आणि खालचं पाणी उघडं पडतं. त्या खड्ड्याला सेनोते म्हणतात. जुन्या माया लोकांची गावं त्यांवर पाणी भरायची. आत शिरलं की एकीतून दुसरीत जाणाऱ्या पाण्याच्या वाटाच वाटा. २०१८ साली अशा दोन मोठ्या गुहा आतून एकमेकींना जोडलेल्या सापडल्या, तेव्हा त्यांची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली.

ताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे विहीरच ना?"

"तशी विहीरच."

"मग मामाची विहीर काय वाईट होती?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. विमानाचं भाडं लाखाच्या घरात आणि उतरायचं शेवटी विहिरीत, हा मुद्दा दाजींनीही मान हलवून उचलून धरला.

भाचीनं मोबाइल पुढे केला. तिथल्या शिकवणाऱ्यांनी एक फॉर्म पाठवला होता. नाव, वय, उंची, वजन आणि मग एक प्रश्न : कोणत्या मापाच्या टाक्या हव्यात? सात लिटर, नऊ लिटर, अकरा लिटर ॲल्युमिनियम, की बारा लिटर पोलादी?

"बारा," ताई म्हणाली. फॉर्म अजून पुरता वाचूनही झाला नव्हता.

"अगं आई, माझी उंची पाच फूट. वजन सत्तेचाळीस किलो. अकराची टाकीसुद्धा सव्वादोन फुटांच्या आसपास लांब असते. काखेत लावली की गुडघ्यांशी गप्पा मारायला जाते."

"असू दे. पुढे तुला बरी पडेल."

सत्ताविसाव्या वर्षी मुलगी उंचीला वाढेल अशी आशा फक्त आईच करू शकते.

आता त्या टाकीचंही थोडं ऐका, कारण आमच्या घरानं त्या दिवशी ते फार मन लावून ऐकलं. अकरा लिटर म्हणजे तीत पाणी ओतलं तर अकरा लिटर मावेल. पण हवा दाबून भरतात, साधारण दोनशे पटीनं. म्हणजे एका टाकीत बावीसशे लिटर हवा. गोदरेजची दोन कपाटं रिकामी केली तर त्यांत जेवढी हवा राहील त्याहून ही जास्तच. या टाकीला इंग्रजी मापात 'ऐंशीची टाकी' म्हणतात, म्हणजे ऐंशी घनफूट हवेची. प्रत्यक्षात तिच्यात भरते सत्याहत्तरच्या थोडी वर. हे ऐकल्यावर ताईला मेक्सिको पहिल्यांदाच आपला वाटला. "म्हणजे तिथेही मापात मारतातच," ती म्हणाली. रिकाम्या टाकीचं वजन चौदा किलोच्या थोडं वर, म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरात जेवढा गॅस असतो जवळजवळ तेवढंच. अशा दोन. शिवाय आतली हवा. हवेलाही वजन असतं, आणि एका टाकीतली हवा अडीच किलोच्या वर भरते.

सिलिंडरचं नाव निघताच आमच्या मंडळींना एकदम उजेड पडला. "हे तर डबल सिलिंडर झालं! एक संपला की दुसरा लावायचा."

"नाही ना मामी," भाची म्हणाली. "एक पूर्ण संपवला तर एक कुशी हलकी आणि एक जड. मग माणूस तिरका होतो. दोन्हींतून आलटूनपालटून श्वास घ्यायचा. थोडा हिच्यातून, थोडा तिच्यातून."

दोन सुना असलेल्या घरात कसं वागावं याचा याहून चांगला धडा मी ऐकलेला नाही. आई तेवढ्यापुरती नेमकी बहिरी झाली.

तोलाचा प्रश्न इथेच संपत नाही. ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना पाण्यात बुडते. हवा संपत आली की तीच तरंगू लागते आणि बदकासारखं बूड वर करते. मग तिच्या पट्ट्या मागेपुढे सरकवाव्या लागतात किंवा वजन लावावं लागतं. पोलादी टाकी रिकामी झाली तरी बहुधा खालीच राहते. ज्याच्या अंगावर आधीच चरबीचा तरंग आहे त्याला पोलादी बरी. सत्तेचाळीस किलोच्या मुलीला दोन पोलादी टाक्या बांधणं म्हणजे तिला तळाशी नेमून देणं.

हे तरंगण्या-बुडण्याचं गणित आमच्या घराला नवं नव्हतं. आता त्या परंपरेकडे येतो. या मुलीला मी आमच्या विहिरीत पोहायला शिकवलं ते तिच्या सातव्या वर्षी, मे महिन्यात, पाठीला डबा बांधून. आमच्या भागात पोहणं असंच शिकवतात. कुणी पांगाऱ्याचं लाकूड बांधतो, कुणी वाळका भोपळा, कुणी रिकामा डबा. डब्याचं झाकण डाग देऊन हवाबंद करायचं आणि सुती दोरीनं पाठीला बांधायचं. पाच लिटरचा असा डबा पाण्यात साडेचार किलोंच्या आसपास उचलून धरतो, आणि सात वर्षांच्या पोराला तेवढं पुष्कळ होतं. त्या वेळीही ताई काठावर उभी राहून ओरडत होती, "पाचाचा नको, तो तेलाचा पंधरा किलोचा डबा बांध!" पोर अठरा किलोची. तिच्या पाठीला पंधरा किलो उचलणारा डबा बांधला असता तर डबा छान तरंगला असता आणि पोर त्याच्याखाली तोंड पाण्यात घालून लटकली असती. ताईला मी तेव्हा हे पटवून दिलं होतं. पण आईला पटणं आणि आईनं ऐकणं ही दोन वेगळी खाती आहेत.

या डब्याची एक गंमत आहे. आमच्या घरातली ही एकमेव वस्तू, जी मूल वाढत गेलं तशी लहान होत गेली. पहिल्या वर्षी पाच लिटर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी दोरी सुटली. त्यामुळे वाढत्या अंगाचा सिद्धान्त पाण्यात चालत नाही, अशी माझी समजूत होती. भाचीनंही त्या दिवशी कागद-पेन घेतलं आणि सुरुवातीला तरी माझीच बाजू मांडली.

मी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होतो. आकडा दिसला की माझी बोटं आपोआप ओली होतात. त्यामुळे हिशेब मी माझ्याच हातानं मांडला.

भाची शांतपणे पोहताना मिनिटाला सुमारे पंधरा लिटर हवा घेते. हे वर, मोकळ्यावर. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट, त्यामुळे हवाही दुप्पट लागते : तीस लिटर. दाजींसारखा पंच्याण्णव किलोंचा माणूस वर पंचवीस घेईल, तर खाली पन्नास.

"मी कशाला जातोय?" दाजी म्हणाले.

"समजा हो, दाजी."

आता गुहेतला नियम असा, की आहे त्या हवेचे तीन हिस्से करायचे. एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक शिल्लक. यात दोन टाक्यांची जोडी किती चोख बसते पाहा. जाताना दोन्ही टाक्यांतला एकेक हिस्सा गेला. अगदी टोकाला असताना एक टाकी बंद पडली, तरी दुसरीत दोन हिस्से आहेत, आणि परत यायला नेमके तेवढेच लागतात. दमडी जास्त नाही, दमडी कमी नाही. रिझर्व्ह बँकेलासुद्धा राखीव ठेव इतकी रेखीव मांडता आली नसती.

तर सात लिटरच्या दोन टाक्या म्हणजे दोन हजार आठशे लिटर हवा. तिचा तिसरा हिस्सा नऊशे तेहतीस. मिनिटाला तीसच्या दरानं भाची एकतीस मिनिटं आत जाऊ शकते. दाजी अकराच्या दोन टाक्या घेऊन गेले, तर हवा चार हजार चारशे, हिस्सा साधारण चौदाशे साठ, दर पन्नास, मिनिटं एकोणतीस! म्हणजे भाची तिच्या छोट्या टाक्यांवर दाजींपेक्षा दोन मिनिटं पुढेच.

घरात एकदम समाधान पसरलं. सातची टाकी हलकी होती, तिच्या उंचीला शोभत होती, आणि दाजींच्या अंदाजानं स्वस्तही असणार होती. दाजी स्वतःच्या श्वासावर जरा खट्टू झाले होते, पण "लहानच घे गं, बाळा," असं त्यांनी मोठ्या मनानं म्हटलं. ताई एकटी चकली मोडत गप्प बसली होती.

तेवढ्यात आईनं विचारलं, "पोरी, सोबत कोण आहे?"

भाची म्हणाली, "ऑफिसातला एक जण आहे, आजी. पाण्यात एकट्यानं जायचंच नसतं. जोडीदार लागतो."

जोडीदार हा शब्द जपून वापरावा, निदान लग्नाच्या वयाच्या मुलीनं भाऊबीजेच्या दिवशी तरी. ताईनं चकली खाली ठेवली. "कुठला?"

"नागपूरचा."

"काय करतो?"

"आई, पोहतो."

"दिसायला कसा आहे?"

"दाजींएवढा आहे," मी मध्येच म्हणालो, कारण मोबाइलवर तिनं मला फोटो आधीच दाखवला होता. सहा फूट उंच, नव्वदच्या पुढे वजन. आणि हे बोललो मात्र, माझ्यातला कॅशियर ताठ बसला. दाजींएवढा माणूस म्हणजे मिनिटाला पन्नास लिटर!

भाची माझ्याकडे बघून हसली. "आता कसं ध्यानात आलं, मामा?"

गोष्ट अशी होती. टाकी आपल्या श्वासापुरती मोजली तर हिशेब अर्धाच झाला. अगदी टोकाला गेल्यावर सोबत्याची हवा गेली, तर तो कुणाची घेणार? हिचीच. समजा, दोघं तीस मिनिटं आत गेले. सातच्या जोडीतल्या दोन हजार आठशेंतून भाचीनं नऊशे वापरले; उरले एकोणीसशे. परत येताना तिला नऊशे लागणार, उरले हजार. आणि त्या नागपूरकराला परतीच्या तीस मिनिटांना लागणार पंधराशे. पाचशे कमी. मिनिटाला पन्नासच्या दरानं पाचशे लिटर म्हणजे दहा मिनिटं. वर आभाळ नाही, दगडाचं छत आहे, आणि दहा मिनिटांची हवा नाही.

फराळाच्या ताटांवरून सगळे हात मागे आले. दाजींनी उगाचच एक दीर्घ श्वास घेतला आणि मग जास्त घेतल्यासारखा हळूच सोडला.

मी पुढची बेरीज केली. अकराची जोडी : चार हजार चारशे. जाताना नऊशे, येताना नऊशे, उरले सव्वीसशे. त्यातून सोबत्याला पंधराशे दिले तरी अकराशे शिल्लक. घाबरल्यावर माणूस दुप्पट श्वास घेतो, त्यालाही काही जागा राहिली.

"म्हणून अकरा," भाची म्हणाली. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. दोन टाक्यांपैकी एकीची नळी आखूड असते आणि दुसरीची सात फूट लांब. एवढी लांब कशाला? तर अरुंद वाटेत दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही. एकामागे एक जावं लागतं. ज्याच्याकडे हवा आहे त्यानं दुसऱ्याच्या तोंडात आपली नळी द्यायची आणि दोघांनी एकाच जोडीवर बाहेर यायचं. एरवी ती नळी गळ्याभोवती वळसा घेऊन बसलेली असते. बहुतेक जणांना आयुष्यात ती कुणाला द्यायची वेळ येत नाही. पण प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी ती सोडवून, एकमेकांना देऊन बघायचीच.

आईला हे कितपत ऐकू गेलं कोण जाणे. पण ती म्हणाली, "आल्यागेल्याची मूठ."

आमच्या घरात हा शब्द आहे. भाताला तांदूळ मोजून घेतले की आई शेवटी एक मूठ वेगळी टाकायची. घरचे आठ असोत की चार, ती मूठ चुकायची नाही. ती घरच्यांच्या हिशेबात नसायची. दारात कुणी आलं तर त्याची. आणि कुणी आलं नाही म्हणजे रात्री आम्हाला फोडणीचा भात. लहानपणी मला वाटायचं, की आईला तांदूळ मोजता येत नाहीत. पुढे मी स्वतः एकतीस वर्षं पैसे मोजले, तेव्हा कळलं की घरात खरा हिशेब तिलाच येत होता.

आणि हे निरवांगीत राहून न कळलं तर नवल. कालव्याच्या शेपटाकडचा माणूस शिल्लक म्हणजे काय ते कुठल्याही पाणबुड्यापेक्षा जास्त जाणतो. वरच्या अंगाला प्रत्येकजण आपापल्या उसाचा हिशेब अगदी बरोबर करतो. कुणी चोर नसतो. आपल्या वावराला किती लागतं, ते तो मोजून घेतो. आवर्तनाच्या वेळी खाली आणखी कुणीतरी पाटाकडे डोळे लावून उभं आहे, एवढी एक मूठ त्या हिशेबात धरायची राहून जाते. पाटाला सात फुटांची लांब नळी लावायची सोय अजून निघालेली नाही.

पण हे फार झालं. दिवाळीच्या लेखात शेतीचा प्रश्न आला की वाचक पान उलटतो, हे मला ठाऊक आहे.

तर ताईकडे वळू. सगळ्यांनी आता तिच्याकडे बघितलं, कारण शेवटी मोठी टाकीच ठरली होती, आणि मोठी टाकी सगळ्यांत आधी तिनं सांगितली होती. तिची बारा, हिची अकरा. एवढी घासाघीस घरात चालतेच. ताईनं चकली पुन्हा उचलली. "मी मघापासून काय सांगतेय?" ती म्हणाली. "वाढत्या अंगाची घ्यावी. अंग आपलंच वाढतं असं थोडंच आहे?"

एवढं झाल्यावर भाचीनं हळूच सांगितलं, की फॉर्म तिनं पंधरा दिवसांपूर्वीच भरून पाठवला होता. आम्हाला फक्त दाखवायला आणला होता. आमच्या घरातले बहुतेक मोठे निर्णय असेच होतात. सभा नंतर भरते.

फेब्रुवारीत ती जाऊन आली. तिथली वेळ आणि आपली वेळ उलटी, त्यामुळे ती पाण्यात उतरायची ते आमच्या रात्री. ताई त्या आठवड्यात पुण्यात झोपलीच नाही. मला रात्री दोनला फोन करून "आता ती कितव्या हिश्श्यात असेल रे?" असं विचारायची. मी अंधारात बोटांवर गणित करून "यायच्या हिश्श्यात" असं सांगायचो. ते खरं असो नसो, रात्री दोन वाजता बहिणीला दुसरा हिस्सा सांगायचा नसतो.

शेवटच्या दिवशी भाचीचा निरोप आला. 'सगळं छान झालं. दोन्ही टाक्यांत निम्म्याहून जास्त हवा शिल्लक ठेवून वर आले. लांब नळी कुणाला लागली नाही.' सोबत फोटो. हिरव्यागार पाण्याच्या काठावर ही पाच फुटांची, कुशींना दोन चकचकीत टाक्या, आणि शेजारी तो नागपूरकर, तशाच दोन टाक्या लावलेला. त्याच्या अंगाला त्या पाण्याच्या बाटल्यांएवढ्या दिसत होत्या.

पाच मिनिटांत ताईचा फोन आला.

"अरे, निम्म्याहून जास्त हवा उरली म्हणे. उरलेल्या हवेचे पैसे परत देतात का?"

"नाही गं, ताई."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, हिशेब चाललाय. मग म्हणाली, "असू दे. पण त्या पोराला सांग म्हणावं तिला, पुढल्या वेळी एक नंबर मोठी घे. फोटोत वाढत्या अंगाचा दिसतोय."